केडगावची साक्षीदार

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर साठेक किलोमीटर अंतरावर केडगाव हे लहानसे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंनी वसविलेले मुक्ती मिशन येथेच आहे. केडगाव चौफुल्यावरून निघालेला रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जातो. नदीच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. आज दोन्ही तीरांवर उसाचे फड दिसत असले, तरी एकोणिसाव्या शतकात हा मुलूख अवर्षणाचा आणि कर्जबाजारीपणाचा म्हणूनच सरकारदप्तरी ओळखला जात होता.

शिरूर तालुक्यातील करडे येथील रयतेने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार टाकला आणि १२ मे १८७५ रोजी जुन्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांची घरे व दुकाने पेटली. कर्जखते आणि वह्या जाळणे हाच दंगेखोरांचा मुख्य हेतू होता. पुढे सरकारने नेमलेल्या आयोगाने रयत, सावकार आणि प्रत्यक्षदर्शी अशा तिन्ही प्रकारच्या लोकांचे जबाब नोंदविले. त्यांचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. ज्याचे घर जळाले तो आणि ज्याने खत जाळले तो, असे दोघेही एकाच संध्याकाळचे साक्षीदार होते. त्यांच्या सांगण्यातून इतिहास कसा उभा करायचा, हा पेच या परिसराला तेव्हापासून परिचित आहे.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी याच भीमथडीत एक स्त्री राहावयास आली. तिचे सारे आयुष्यच एका परीने साक्षीदाराचे होते. दुष्काळ, वैधव्य, प्लेग आणि सरकारी छावण्या तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि जे पाहिले ते ती जाहीरपणे सांगत राहिली. तिच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवला, कोणी ते भावनेच्या भरातले म्हणून बाजूला सारले. साक्षीदाराच्या स्मरणावर भावनेचा परिणाम होतो म्हणजे नेमके काय होते, यावर मानसशास्त्राने गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ संशोधन केले आहे. त्या संशोधनाच्या प्रकाशात रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचले की त्यातील काही परिचित प्रसंग निराळे दिसू लागतात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रियांनाही संस्कृत शिकविले पाहिजे, या आग्रहापायी त्यांना पंडितांच्या सभेत आपली बाजू मांडावी लागली होती. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी धाकट्या रमाला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत देशभर हिंडत असे. घर असे नव्हतेच. पहाट होण्यापूर्वी आई मुलीला हळुवार जागे करी आणि अंधारातच पाठ सुरू होई. पुढे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले, तेव्हा रमाबाईंनी ते आईच्याच स्मृतीस अर्पण केले.

या पहाटेच्या पाठांतून रमाबाईंना किशोरवयातच भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते, असे चरित्रकार सांगतात. १८७८ मध्ये त्या भावासह कोलकात्यात पोहोचल्या तेव्हा तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या अविवाहित ब्राह्मण तरुणीला हा मान मिळणे त्या काळात अपूर्वच होते. अलौकिक स्मरणशक्ती ही तेव्हापासून त्यांच्या कीर्तीची पहिली खूण ठरली.

परंतु श्लोकांचे स्मरण आणि प्रसंगांचे स्मरण या एकाच शक्तीच्या दोन बाजू नव्हेत. श्लोक पाठ करताना समोर गुरू असतो, मूळ पाठ असतो, वृत्ताचे बंधन असते. एखादे अक्षर चुकले की कान टोचला जातो आणि शेकडो आवृत्त्यांनंतर चुकीला जागा उरत नाही. प्रसंग मात्र एकदाच घडतो. त्याची मूळ प्रत कोठेही नसते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की माणूस ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना ती जशीच्या तशी बाहेर काढत नाही, तर आपल्या समजुतींच्या साहाय्याने दर वेळी नव्याने रचतो. अनोळखी तपशील गळतात, ओळखीचे त्यांच्या जागी येऊन बसतात. अठरा हजार श्लोक बिनचूक म्हणणारी व्यक्तीही या नियमाला अपवाद असत नाही.

रमाबाईंच्या आठवणींतील सर्वांत खोल प्रसंग दुष्काळाचा आहे. मद्रास इलाख्यात भटकत असताना कुटुंबाची पुंजी संपली. दागिने गेले, तांब्या-पितळेची भांडी गेली. वडिलांची दृष्टी गेलेली होती. मजुरी करणे शास्त्र्याच्या घराण्याला ठाऊक नव्हते आणि भीक मागणे लाजिरवाणे वाटत होते. अखेर तिरुपतीच्या परिसरातील रानात पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर या कुटुंबाने अकरा दिवस काढले. तळ्यात जलसमाधी घेण्याचा वडिलांनी निश्चय केला. मुलगा मजुरी करावयास तयार झाला तेव्हा तो बेत मागे पडला. पण उशीर झाला होता. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली आणि मागोमाग थोरली बहीणही.

आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग मराठी वाचकांना ठाऊक आहे. स्मशान दूर, तिरडी उचलावयास माणसे नाहीत. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. खांदा देण्याइतकी उंची नसल्याने तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनावर कोरले गेलेले हे चित्र पुढे कधीही पुसट झाले नाही.

हे घडले कोणत्या वर्षी? येथे गंमत म्हणावी की खेद, चरित्रांत एकवाक्यता नाही. काहींनी १८७४ हे वर्ष दिले आहे, तर काहींनी हे मृत्यू १८७६-७७ च्या महादुष्काळातच घातले आहेत. रमाबाईंनी स्वतः १८९७ मध्ये आपले दुष्काळाचे अनुभव लिहिले तेव्हा त्या महादुष्काळाचा उल्लेख केला. मात्र त्याची सुरुवात निदान तीन वर्षे आधी झाली होती, असेही त्यांनी नोंदविले. पुढच्या लेखकांनी पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडले, असे दिसते. बावीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ सनावळीच्या मोठ्या दुष्काळाशी जोडला जाणे अगदी स्वाभाविक आहे. मोठ्या घटनेजवळ लहान घटना सरकते, हा अनुभव प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गप्पांतही येतो: पानशेतच्या पुराच्या आधी की नंतर, यावर पुणेकर कुटुंबांत कितीतरी लग्नांच्या तिथी हललेल्या आहेत.

तीव्र भावना स्मरणाला काय करते, याचे उत्तर या एका प्रसंगात बरेचसे मिळते. मानसशास्त्रज्ञ ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार उत्तेजित अवस्थेत लक्षाचा परीघ आक्रसतो. जे मध्यभागी आहे ते ठळक होते, कडेचे धूसर राहते. पिस्तूल रोखलेल्या चोराचा चेहरा साक्षीदाराला आठवत नाही, पिस्तूल मात्र आठवते, हा अनुभव पुढे प्रयोगांतूनही सिद्ध झाला. रमाबाईंच्या दुष्काळकथेत अकरा दिवस, पाला, तळे, वडिलांची अखेरची मिठी आणि डोक्यावरची तिरडी हे सर्व ठळक आहे. गावांची नावे, महिने, दोन मुक्कामांतील अंतर हे मात्र विरळ आहे. एखाद्या वकिलाने उलटतपासणीत नेमके हेच विचारले असते आणि साक्ष डळमळीत ठरविली असती. प्रत्यक्षात ती डळमळीत नव्हती. भुकेने तिचा आकार ठरविला होता.

आणखी एक गोष्ट येथे विसरता येत नाही. या दुष्काळाचे साक्षीदार पाच होते. वडील, आई व बहीण त्यातच गेली. उरलेल्या दोघा भावंडांनी नंतर हजारो मैलांची पायपीट केली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून ती दोघे झोपली. १८८० मध्ये ढाक्यात श्रीनिवासचेही निधन झाले. बावीस वर्षांच्या रमाबाई आपल्या बालपणाच्या एकमेव साक्षीदार उरल्या. श्लोक चुकला तर सांगणारी आई होती. आठवण चुकली तर असे नव्हते, तसे होते, असे म्हणणारे जगात कोणी राहिले नाही.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमाचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचा बळी घेतला. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष हे सर्व याच एका वर्षातले.

शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष ही शब्दशः अर्थाने त्यांची पहिली साक्ष. स्त्रियांना स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, कारण पुरुष डॉक्टरला दाखविण्यापेक्षा बाया मरण पत्करतात, असे त्यांनी ठामपणे मांडले. विल्यम हंटर प्रभावित झाले. पुढे १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड उभा राहिला, त्यामागे या साक्षीचाही वाटा होता, असे मानले जाते. या वेळी सरकारने रमाबाईंचे ऐकले. पंधरा वर्षांनी ऐकले नाही. त्या दोन साक्षींमधील फरक पाहण्यासारखा आहे.

मधली वर्षे धावती घ्यावी लागतील, कारण ती सर्वपरिचित आहेत. १८८३ मध्ये इंग्लंड, वाँटेज येथे त्याच वर्षी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात अध्ययन व अध्यापन. डॉक्टर होण्याची इच्छा मात्र वाढत्या बहिरेपणामुळे सोडावी लागली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले आणि १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून ‘केसरी’ने रान उठविले, रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

त्यांच्या अमेरिकेतील पुस्तकात एक दृश्य आहे. बालपणी शेजारच्या घरात त्यांनी ते पाहिले होते. सूत कातावयास बसलेल्या कोवळ्या सुनेचा कापूस माकडाने पळविला. सासूने गहजब केला आणि तरुण नवऱ्याने त्या मुलीला निर्दयपणे मारले. तिची किंकाळी रमाबाईंच्या कानांत वीस वर्षे घुमत राहिली. पुस्तकात तो प्रसंग येतो तो हिंदू सुनेच्या स्थितीचे उदाहरण म्हणून. लहान मुलीने पाहिले तेव्हा ते उदाहरण नव्हते, केवळ भय होते. प्रौढ लेखिकेने त्याला अर्थ दिला आणि अमेरिकन वाचकांपुढे ठेवले. अर्थ दिल्याने घटना खोटी ठरत नाही. मात्र पुढच्या वेळी ती आठवते ती त्या अर्थासह, हे लक्षात ठेवावे लागते.

रमाबाईंनी आपली जीवनकहाणी एकदाच सांगितली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, १८९७ मध्ये दुष्काळाच्या निमित्ताने आणि १९०७ मध्ये ‘अ टेस्टिमनी’ या छोटेखानी पुस्तकात त्या पुन्हा त्याच वाटेने गेल्या. पहिल्या कथनात विदुषी कन्या बोलते, दुसऱ्यात उपासमार सोसलेली मुलगी, तिसऱ्यात धर्माचा शोध संपलेली साधिका. आई, वडील, भाऊ, तीर्थे तीच. प्रकाशझोत मात्र दर वेळी निराळ्या ठिकाणी पडतो. वडिलांच्या तीर्थयात्रा पहिल्या कथनात ज्ञानाचा प्रवास आहेत, तर अखेरच्या कथनात निष्फळ पुण्याचा शोध. टीकाकारांनी याला विसंगती म्हटले, भक्तांनी त्याकडे पाहिलेच नाही. वास्तविक प्रत्येक माणूस आपली आठवण आजच्या उंबरठ्यावर उभा राहूनच सांगतो. रमाबाईंच्या बाबतीत ती लिहिलेली सापडते, एवढाच फरक.

तीनशे मुली

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळाने कहर केला. रमाबाईंनी दुष्काळग्रस्त भागात जाण्याचे ठरविले. त्यांना ओळखणाऱ्या अनेकांना हे धाडस वेडेपणाचे वाटले, कारण शारदा सदनाचा खर्चच जेमतेम भागत होता. परंतु त्यांचा निर्णय हिशेबाने झालेला नव्हता. रानातल्या त्या अकरा दिवसांची आठवण त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. सोळा वर्षांच्या, निराधार, भुकेल्या मुलीचे काय होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

तेथे त्यांनी सरकारी मदत केंद्रे आणि अनाथगृहे पाहिली. मुलींचे सापळे झालेले देह, त्यांच्यावर डोळा ठेवून फिरणारे दलाल, मुकादमांची वागणूक यांची वर्णने त्यांनी लिहून पाठविली. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणण्याचा त्यांनी संकल्प केला आणि तो पार पाडला. इतर दयाळू प्रवासी ज्या छावणीतून अन्नवाटपाचे आकडे घेऊन परतले, त्याच छावणीत रमाबाईंना मुलींच्या नजरा दिसल्या. पाहणाऱ्याचा पूर्वानुभव त्याच्या दृष्टीला वळण देतो, ते असे. त्यांच्या नजरेला ज्या गोष्टी लागल्या त्या खऱ्याच होत्या. त्या पाहण्यासाठी लागणारी ओळख मात्र इतरांजवळ नव्हती.

मुली पुण्यास आल्या आणि त्याच सुमारास शहरात प्लेग पसरला. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला रमाबाईंनी आधीच शंभरेक एकर जमीन घेऊन फळबागेची तयारी चालविली होती. तेथे तात्पुरत्या निवाऱ्यांत या मुलींना हलविण्यात आले. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. दुष्काळाने आणि प्लेगने मिळून भीमथडीच्या माळावर हे गाव वसविले, असे म्हटले तरी चालेल.

प्लेगचे पत्र

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने मार्च १८९७ पासून घरझडत्या सुरू केल्या होत्या. सैनिक घरात शिरत, संशयित रोग्यांना इस्पितळात आणि कुटुंबीयांना विलगीकरण छावणीत नेत. मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला पत्र लिहिले. इस्पितळात व छावणीत स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही आणि आपल्या आश्रमातील एक मुलगी तेथे गेल्यावर वाईट मार्गाला लावली गेली, असा त्यांचा आरोप होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने तो साफ चुकीचा आणि दिशाभूल करणारा ठरवून निकालात काढला.

त्याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढील साक्षीसाठी लंडनला होते. पुण्यातील मित्रांच्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती ‘मँचेस्टर गार्डियन’ला दिली. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. तत्पूर्वी २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्यामुळे वातावरण तापलेलेच होते. जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईत उतरले आणि पत्रलेखकांकडे पुरावा मागू लागले. नावानिशी पुढे यावयास कोणीही तयार झाले नाही. ऑगस्टच्या आरंभी गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीचा डंख त्यांना पुढे वर्षानुवर्षे बोचत राहिला.

गोखल्यांची माहिती ऐकीव होती. रमाबाईंची तक्रार आपल्या आश्रमातील मुलीविषयी होती आणि ती स्वतःच्या नावाने केलेली होती. असे असूनही सरकारने दोन्ही एकाच टोपलीत टाकल्या. १८८२ मध्ये रमाबाई सर्वसाधारण स्थिती सांगत होत्या आणि तिने सरकारचे काही बिघडत नव्हते. १८९७ मध्ये त्या नेमकी घटना सांगत होत्या आणि ती सरकारी व्यवस्थेच्या अंगाशी येत होती. तेव्हा संतापलेली, दुष्काळाने हळवी झालेली बाई असे म्हणणे सोयीचे ठरले. हे समीकरण आजच्या संशोधनाला मान्य होण्यासारखे नाही.

अर्थात संतप्त साक्षीदार नेहमी बरोबर असतो, असेही संशोधन सांगत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या अपघातांच्या त्याच चित्रफिती सर्वांना दाखविल्या होत्या. गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता, असे विचारले असता सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. आदळण्याऐवजी स्पर्श झाल्याचा सौम्य शब्द वापरला तेव्हा सुमारे ३२ मैल. प्रश्नातील एका शब्दाने आठवण हलते. २००४ मध्ये चार्ल्स मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या खडतर प्रशिक्षणातील पाचशेहून अधिक सैनिकांची परीक्षा घेतली. अर्ध्या तासाहून अधिक काळ समोर बसून दमदाटी करणाऱ्या माणसाला नंतर प्रत्यक्ष ओळखपरेडीत अचूक ओळखणारे केवळ ३० टक्के निघाले. शांतपणे प्रश्न विचारणाऱ्याला ओळखणारे ६२ टक्के. ही मंडळी धडधाकट, निवडक, लढाऊ होती.

याच्या उलट दाखलाही आहे. कॅनडातील व्हँकुव्हर परिसरात भरदिवसा झालेल्या एका खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांना जॉन युइल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी चार-पाच महिन्यांनी गाठले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सर्वाधिक ताण आलेल्या साक्षीदारांच्या आठवणी बऱ्याच अचूक आढळल्या आणि दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांनाही ते बधले नाहीत. मात्र हेच लोक घटनेच्या सर्वांत जवळही होते. तात्पर्य एवढेच, की ताण, अंतर, वय, स्वभाव, नंतरचे प्रश्न आणि नंतरच्या चर्चा हे सर्व तपासल्याशिवाय भावना पाहून साक्षीचा निकाल लावता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यानेही साक्षीदारांची ठरावीक संख्या मागितली नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कायम आहे. एकटी रमाबाईही पुरेशी होऊ शकली असती. मात्र तिला तपासणे आवश्यक होते आणि सरकारने तेच टाळले.

रमाबाईंच्या साक्षीला आणखी एक वैयक्तिक मर्यादा होती. त्यांना कमी ऐकू येत असे. कुजबुज, दारामागचे संवाद, गर्दीतील आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नसत. त्यांच्या दुष्काळवर्णनांत चेहरे, हाडे, चिंध्या, हातवारे यांची रेलचेल आहे आणि संवाद कमी आहेत, हा केवळ शैलीचा भाग नसावा.

पहाटेची आग

केडगावात १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलीही आल्या आणि वसतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या गेल्या, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला, अंध मुलींसाठी ब्रेल आले. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनांना उधाण आले. जूनच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीच्या अंगाला आग लागल्याचे दुसरीला दिसले आणि ती पाण्याची बादली आणण्यास धावली. जवळ येऊन पाहते तो आग नव्हती. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी हा प्रसंग लिहिला. त्यांची पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील पंथाच्या उभारणीला कारणीभूत झाली.

श्रद्धावंतांनी या प्रसंगाचा अर्थ आपल्या परीने लावला आहे, त्याविषयी येथे वाद नाही. लक्षणीय आहे ती बादली. भारलेल्या वातावरणात त्या बाईने जे पाहिले ते तिच्यासाठी इतके खरे होते, की हातपाय आपोआप हलले. आणि तिनेच जवळ जाऊन आपले पाहणे तपासलेही. त्या दिवसांत अनेक मुली अनोळखी भाषांत बोलू लागल्याचे सांगितले गेले. रमाबाईंनी त्यांचा बचाव केला, त्यांना अडविले नाही. स्वतःला मात्र तसा अनुभव आल्याचे त्यांनी कधी म्हटले नाही. एकाच छताखाली, एकाच प्रार्थनेत बसलेल्या बायकांचे अनुभव इतके भिन्न असू शकतात, आणि रमाबाईंनी इतरांचा अनुभव आपला म्हणून सांगितला नाही. साक्षीदार म्हणून त्यांची ही सचोटी दुर्मीळच म्हणावी लागेल. एवढ्या मोठ्या समुदायाच्या प्रमुखाला तसे सांगणे किती सोपे आणि किती लाभाचे होते, याचा विचार केला म्हणजे तिचे मोल कळते.

अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्या ते करीत होत्या आणि केडगावच्या छापखान्यात आश्रमातल्याच मुली खिळे जुळवीत होत्या. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. बावीस वर्षांपूर्वी ज्यांची साक्ष चुकीची ठरविली होती, त्याच या रमाबाई. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. आईच्या आठवणी लहानपणापासून ऐकत आलेली, त्या सांगताना कोठे शब्द बदलला हे ओळखू शकणारी तीच एक उरली होती. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावातच रमाबाईंनी देह ठेवला. भाषांतराचे काम त्यांनी पूर्ण केले होते. छापून झालेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.